सामायिक लेखनाची साधने आणि विद्यार्थी-शिक्षक

आपल्या ट्रस्टच्या वतीने गेली काही वर्षे अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींस शिष्यवृत्ती दिली जाते, आणि सभागृहामागील खोलीत त्यांच्यासाठी चार संगणकही ठेवलेले आहेत. मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी या खर्चासंबंधी सरळ प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ही मुले आपापल्या घरी मोबाईल घेऊन बसतात आणि विचारले तर सांगतात, गटकार्य चालू आहे. गट तर कुठे दिसत नाही. मग कार्य कसले चालू आहे?" प्रश्न रास्त होता. सभेत त्याचे उत्तर नीट दिले गेले नाही, आणि दर रविवारी त्या खोलीत बसणारी शिक्षिका मीच असल्याने चिटणीसांनी ते काम माझ्यावर सोपविले. म्हणून या स्मरणिकेत हा लेख.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पूर्वी एखादे टाचण चौघांनी मिळून करावयाचे तर एकाने लिहावे, दुसऱ्याकडे पाठवावे, त्याने खाडाखोड करून तिसऱ्याकडे द्यावे, अशी रीत होती. संगणक आल्यावरही बराच काळ तीच रीत ई-मेलने चालली. परिणाम असा होई की आठ दिवसांनी एकाच टाचणाच्या पाच प्रती पाच जणांकडे निरनिराळ्या असत, आणि खरी कोणती हे कोणासच सांगता येत नसे. सामायिक लेखनाच्या साधनात कागद कोणाकडे पाठवावयाचा नसतो. कागद एकच असतो, तो दूरच्या एका संगणकावर असतो, आणि ज्यांना परवानगी आहे ते सर्व जण आपापल्या घरून त्याच कागदाकडे पाहतात व त्यावरच लिहितात. दुकानाची कीर्द जर एकाच वेळी गादीवर, गोदामात आणि मालकाच्या घरी उघडी राहू शकली असती, आणि तिघांनी केलेली नोंद तिघांस तत्काळ दिसली असती, तर जे झाले असते ते हे.

ऐकावयास सोपे वाटते, पण यात एक गमतीची अडचण आहे. ती समजून घेतली म्हणजे यंत्राविषयीचा अकारण धाक जातो, म्हणून मी ती प्रत्येक नव्या तुकडीस फळ्यावर करून दाखविते. कागदावर "मुले अंगणात खेळतात" असे वाक्य आहे असे समजा. मी आरंभी "लहान" हा शब्द घातला. त्याच क्षणी माझ्या सहकारी बाईंनी आपल्या घरून दुसऱ्या शब्दानंतर "रोज" घातला. यंत्र संपूर्ण कागद पाठवीत नाही, केवळ सूचना पाठविते. त्यांच्याकडून आलेली सूचना आहे, "दुसऱ्या शब्दानंतर रोज घाला". पण माझ्या कागदावर आता दुसरा शब्द "मुले" हा झाला आहे. सूचना जशीच्या तशी पाळली तर माझ्याकडे "लहान मुले रोज अंगणात खेळतात" असे दिसेल, आणि त्यांच्याकडे "लहान मुले अंगणात रोज खेळतात" असे. कागद एक म्हणावयाचा आणि वाक्ये दोन! यावर उपाय असा की, आधी एक शब्द वाढला आहे हे लक्षात घेऊन यंत्राने "दुसऱ्या" याचे "तिसऱ्या" करावे आणि मग सूचना पाळावी. १९८९ साली अमेरिकेतील क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्स या दोघांनी ही सूचना बदलून घेण्याची पद्धत मांडली. (हे एलिस म्हणजे अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ.) पुढे निघालेल्या अनेक साधनांचा पाया हाच आहे.

कल्पना मात्र त्याहून जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत, सुमारे ५० किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यासह एकाच पडद्यावर काम करून दाखविले होते. २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी कोणालाही दुरुस्त करता येतील अशी पाने सुरू केली व त्यांस 'विकी' हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ 'लवकर'. त्याच तत्त्वावर जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया निघाला आणि १ मे २००३ या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया. राइटली नावाचे लेखनसाधन २००५ साली आले. ते मार्च २००६ मध्ये गूगल कंपनीने विकत घेतले आणि त्यातूनच आजचे गूगल डॉक्स झाले. शाळा-कॉलेजांत आज मुख्यतः तेच वापरले जाते, म्हणून पुढे मी 'सामायिक पान' म्हणेन तेव्हा वाचकांनी तेच समजावे.

अनेकांनी मिळून लिहिणे हे आपल्या भाषेला नवे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते मंडळ जमवून आणि माणसांकडून कामे करवून घेऊनच. त्या उद्योगात त्यांची जी दमछाक झाली तीपैकी पुष्कळशी माणसे एकत्र ठेवण्याची होती. ती दमछाक आजही कमी झालेली नाही. तिकडे मी आता वळते.

मी टी.सी.एच. करून प्राथमिक शाळेत लागले, बाहेरून बी. ए. केले आणि २०११-१२ साली बी.एड्.ला बसले. तेव्हा तो अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. कॉलेज बेळगावात, घर खानापूरच्या वाटेवरील गावात, पदरी चार वर्षांची मुलगी. कॉलेज सुटल्यावर गटाची बैठक बसे आणि माझी बस त्याच वेळी निघे. पहिल्या दोन महिन्यांत आमच्या सात जणांच्या गटाने घटकनियोजनाच्या ज्या बैठका घेतल्या, त्यांपैकी एकीसही मी पूर्ण वेळ बसू शकले नाही. गटातील कोणी मला वाईट बोलले नाही. पण "तुमचे आम्ही लिहून टाकतो" असे जे म्हणत, ते बोचे. गुण सर्वांना सारखेच मिळावयाचे होते आणि त्यांतील माझे मी मिळविलेले नव्हते.

अशा वेळी आमच्या गणित-अध्यापनाच्या सरांनी गटासाठी एक सामायिक पान उघडून दिले. माझ्या दिराच्या दुकानात संगणक होता. फजरच्या नमाजानंतर दुकान उघडेपर्यंत जो तास-दीड तास मिळे, त्यात मी तेथे बसून लिहू लागले. शहरातील मुले झोपलेली असत. ती उठून पाहत तेव्हा माझा भाग तयार असे. गट एका ठिकाणी दिसत नाही आणि तरी कार्य होते ते असे. सभेत प्रश्न विचारणाऱ्या सभासदांस माझे पहिले उत्तर हेच आहे. ज्या मुलीला सायंकाळी थांबता येत नाही, जिच्या घरी म्हातारे माणूस आजारी आहे, जो मुलगा रात्री कारखान्यात पाळी करून दिवसा शिकतो, त्यांना गटात बसण्याची ही जागा आहे.

पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी आदल्या रात्री एका जुन्या मराठी टंकात तीन पाने मजकूर करून ठेवला होता. तो उचलून सामायिक पानावर ठेवला, तो सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! जुने टंक असे करीत की आत साठवावयाचे इंग्रजी अक्षराचे अंक आणि वर चित्र तेवढे देवनागरीचे रंगवावयाचे. टंक बदलला की सोंग उतरे. युनिकोड पद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे आणि प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा अंक आहे. म्हणून तो मजकूर कोठेही नेला तरी मराठीच राहतो. आजही काही शाळांत प्रश्नपत्रिका जुन्याच टंकात होतात आणि आमचे विद्यार्थी-शिक्षक त्या आणून पानावर ओततात. रविवारच्या वर्गाचा पहिला तास त्यामुळे याच गोष्टीत जातो. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्याचा मी आग्रह धरते, याला आपल्या भागापुरते एक खास कारण आहे. त्यात 'क'ची जी कळ देवनागरीत आहे तीच कन्नडमध्ये आहे, 'ता'साठी ज्या दोन कळा आहेत त्याच तिकडेही आहेत. मराठी बोटांत बसली की कन्नड फुकट मिळते. उर्दूला ही सोय नाही. तिचा कळफलक वेगळा शिकावा लागतो.

आता दुसरी चूक सांगते. ती सांगावयास मला इतकी वर्षे लागली आहेत.

काम जमू लागल्यावर मला हुरूप आला. सर्वांच्या आधी उठणारी मी, म्हणून पान नीटनेटके करण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. अपूर्णांकांच्या घटकात एका मैत्रिणीने लिहिलेला बराच भाग मला पुनरुक्त वाटला. तिने एकेक उदाहरण तीन-तीन प्रकारे मांडले होते. मी एका सकाळी तो भाग काढून टाकला आणि त्या जागी चार ओळींचा सारांश लिहिला. ती मैत्रीण वर्गात कधी बोलत नसे. घरची भाषा कन्नड, शिक्षण मराठीत, बोलताना अडखळे. लोक हसतील या भयाने गप्प बसे. त्या पानावर मात्र ती मोकळेपणाने लिहीत असे. ते तीन प्रकार म्हणजे वर्गात ज्या मुलास पहिल्या रीतीने समजले नाही त्याच्यासाठी दुसरी रीत आणि त्यालाही न समजल्यास तिसरी, असा तिचा हिशेब होता. हे मला नंतर कळले. तिने चार रात्री त्यात घातल्या होत्या.

ती काहीच बोलली नाही. तिने पानावर येणे बंद केले. आठवड्याने सरांच्या लक्षात आले. त्यांनी पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडून दाखविल्या. सामायिक पान आपला प्रत्येक बदल जपून ठेवते. कोणी, किती वाजता, काय घातले आणि काय काढले ते रंगाने दिसते. पहाटे साडेपाचची माझी नोंद तेथे होती आणि माझ्या नावासमोर तिचा सगळा मजकूर तांबड्या रेघेने खोडलेला होता. सातही जण पाहत होते. सरांनी एक कळ दाबून तो पूर्ववत केला. मी समासात "क्षमा असावी, चूक झाली" असे लिहिले. त्याने प्रकरण आणखीच अवघडले, कारण ती क्षमायाचनाही सर्वांच्या देखत झाली आणि उत्तर देणे तिला भाग पडले. "असू दे" एवढेच तिने लिहिले. शेवटी एका रविवारी मी मुलीला घेऊन शहापुरातील तिच्या घरी गेले. तिच्या आईने चहा केला. मैत्रिणीने मला वही आणून दाखविली. त्यात ते अपूर्णांक भाकरीचे तुकडे काढून समजाविले होते, ते संगणकावर काढता येत नाहीत म्हणून पानावर आलेच नव्हते. दोन तास आम्ही त्या वहीवर बसलो. पुढच्या सरावपाठात मी ते भाकरीचे तुकडेच वापरले आणि टाचणात तिचे नाव घातले.

तेव्हापासून मी जे दोन नियम पाळते ते आमच्या वर्गातील भिंतीवर लावले आहेत. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य काढावयाचे नाही. समासात सुचवावयाचे आणि काढावयाचे ते ज्याचे त्याने. आता तर २०१४ पासून गूगलच्या पानात 'सुचविण्या'ची निराळी रीत आहे. त्या रीतीने लिहिले म्हणजे मूळ वाक्य जागेवर राहते आणि ठेवावे की न ठेवावे हे मूळ लेखक ठरवितो. दुसरा नियम मार्गदर्शक शिक्षकांसाठी आहे. समासात लिहिलेला शेरा सगळा गट वाचतो. टाचणवहीत तांबड्या शाईने लिहिलेला शेरा फक्त त्या मुलाने वाचावयाचा असे, हा फरक आम्ही शिक्षक विसरतो. शाबासकी समासात द्यावी. चूक बाजूला घेऊन सांगावी.

गटकार्यात एक जण राबतो आणि बाकीचे गुण घेतात, ही तक्रार तर जुनीच आहे. फ्रान्सचे रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढावयास लावून मापे घेतली, ती १९१३ साली प्रसिद्ध झाली. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तो १०० धरला तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ भरला आणि आठ जणांच्या रांगेत प्रत्येकाचा ४९! आपल्याकडे रथ ओढताना हात लावून नुसते चालणारे कोणी पाहिले नाहीत? सामायिक पानावर कोणी किती लिहिले ते आवृत्त्यांतून दिसते, त्यामुळे ही लबाडी पुष्कळ उघडी पडते. पण मी त्यावर फार विसंबत नाही. ज्याने जास्त ओळी लिहिल्या त्याने जास्त काम केले असे नसते. माझी ती मैत्रीण बोलत नव्हती, आणि मी ज्या दिवशी सर्वांत जास्त 'काम' केले असे यंत्राने नोंदविले तो दिवस वर सांगितलाच आहे. खरा उपाय म्हणजे कामच असे द्यावे की जे एकट्याने होऊच शकत नाही. त्याचे एक उदाहरण थोडे विस्ताराने देते, कारण गेली तीन वर्षे आमच्या रविवारच्या वर्गात तेच चालू आहे.

बी.एड्. आता दोन वर्षांचे झाले आहे आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणी मराठी शाळेत असतात, कोणी कन्नड, कोणी उर्दू. सर्वांसाठी मी एक तक्ता उघडून दिला. रकाने पाचच : इयत्ता, मुलाच्या घरची भाषा, शिक्षकाने तोंडी सांगितलेली संख्या, मुलाने पाटीवर लिहिलेली संख्या, आणि 'तुम्हांस काय वाटते'. मुलाचे नाव नाही, शाळेचे नाव नाही. प्रत्येकाने दररोज एक नोंद करावयाची. एवढेच काम, पाच मिनिटांचे.

पहिले काही आठवडे ती नुसती चुकांची यादी होती. "एकशे पाच" सांगितले की १००५ लिहिणारी मुले तिन्ही माध्यमांत निघाली; त्यात नवल नव्हते. मग नोंदी वाढल्यावर एका मुलीने तक्ता 'घरची भाषा' या रकान्याप्रमाणे लावून पाहिला आणि मला फोन केला. मराठी शाळेत "एकोणतीस" सांगितल्यावर ३९ लिहिणाऱ्या मुलांत कन्नड घरची मुले पुष्कळ दिसत होती. "सत्तावन्न"चे ७५ करणारीही तीच. कारण शोधावयास लांब जावे लागले नाही, आमच्यातीलच कन्नड शाळेत शिकविणाऱ्या मुलाने ते समासात लिहिले. कन्नडमध्ये २९ ला 'इप्पत्तोंबत्तु' म्हणतात, म्हणजे वीस-नऊ. ५७ ला 'ऐवत्तेळु', म्हणजे पन्नास-सात. दशक आधी, एकक मागून. बोलावे तसे लिहावे. मराठीत सत्तावन्न म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना पाच आधी. आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हा हिशेब त्या मुलाच्या घरी कोणी करीतच नाही. त्याला 'तीस' ऐकू येते, 'नऊ' आठवते, तो ३९ लिहितो. त्याचे गणित कच्चे नाही. तो दोन भाषांमधल्या उंबरठ्याला ठेचकाळतो आहे.

उर्दूच्या नोंदी आल्या तेव्हा मला माझेच बालपण दिसले. आमच्या घरी दखनी. तिच्यात ३९, ४९, ५९, ६९, ७९ हे सारे मराठीसारखेच 'एक कमी'च्या चालीने जातात, पण ८९ आला की चाल मोडते : उर्दूत तो 'नवासी', म्हणजे नऊ आणि ऐंशी. मराठीत मात्र तो 'एकोणनव्वद'. आणि मराठीची चाल मोडते ती पुढे, ९९ ला, 'नव्याण्णव' म्हणताना. मी दुसरीत असताना पाढा म्हणताना 'नव्याऐंशी' म्हटले होते. वर्ग हसला, गुरुजीही हसले. मला वाटले मला गणित येत नाही, आणि ते बरीच वर्षे वाटत राहिले. तक्त्यातील एका ओळीत, मराठी शाळेतील तिसरीच्या, दखनी घरच्या एका मुलाने ८९ ला "नव्याऐंशी" म्हटल्याची नोंद होती, आणि शेवटच्या रकान्यात विद्यार्थी-शिक्षिकेने लिहिले होते, "अभ्यास कमी." मी तिला बाजूला घेऊन बोलले. दुसऱ्या दिवशी तिने तो रकाना स्वतः बदलला.

महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' असे संख्यावाचन जोडून दिले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांस आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांस तेव्हा पुष्कळ टीका सहन करावी लागली. आपल्या भागातील मराठी शाळांत कर्नाटकची पुस्तके असल्याने तो वाद आमच्या वर्गापर्यंत आला नाही. मराठीचे संख्याशब्द सोडून द्यावेत असे माझे मत नाही. ते गोड आहेत आणि व्यवहारात लागतातच. पण कन्नड घरच्या मुलास आरंभी 'वीस आणि नऊ, म्हणजे एकोणतीस' असे दोन्ही सांगितले तर काय बिघडते? आमची मुले आता तसे सांगतात. आमचा तक्ता म्हणजे काही शास्त्रीय संशोधन नव्हे. परंतु एकेकट्या टाचणवहीत ही गोष्ट कधीच दिसली नसती. तीन माध्यमांच्या शाळांतील नोंदी एका कागदावर शेजारी-शेजारी आल्या म्हणून ती दिसली. गटकार्य कसले, याचे हे माझे दुसरे उत्तर.

तीन लिप्या एका तक्त्यात ठेवण्याचा त्रास मात्र सांगण्यासारखा आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण तिच्यातील अंक डावीकडून उजवीकडे. एकाच ओळीत मराठी व उर्दू मिसळले की टिंबे-स्वल्पविराम भलतीकडे जातात, आणि लिहिण्याची खूण कोठे उडी मारील याचा नेम नसतो. उर्दूला स्वतंत्र रकाना द्यावा, निदान स्वतंत्र परिच्छेद; मिसळू नये. शिवाय पडद्यावर उर्दू बहुधा नस्ख वळणात येते. नस्तालीकची सवय असलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांस ती वाचवत नाही. टंक बदलून घ्यावा लागतो.

आता सावधगिरीच्या काही गोष्टी. सामायिक पान दोन प्रकारे देता येते : ठरावीक व्यक्तींना, किंवा 'ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणालाही'. दुसरा प्रकार सोयीचा, म्हणून सगळे तोच घेतात. एका शाळेतील एका विद्यार्थी-शिक्षकाने मुलांची नावे, पालकांचा धंदा आणि प्रत्येकाविषयीचे शेरे असलेला तक्ता असाच उघडा ठेवला, आणि लिंक फिरत फिरत पालकांच्या व्हॉट्सॲप गटात गेली. एका आईने आपल्या मुलाविषयी 'मंद' हा शब्द तेथे वाचला. पुढे काय झाले ते लिहीत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील सर्वांस मूल मानून त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा नसता तरी परक्याच्या मुलाविषयी चव्हाट्यावर लिहू नये एवढे आपल्याला कळावयास हवे.

पान ज्याच्या खात्यातून उघडले त्याचे असते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. कॉलेजच्या खात्यातून उघडलेले पान, वर्ष संपून खाते बंद झाले की हातचे जाते. आणि ही साधने आपल्या मालकीची नव्हेत. कंपनी देते तोवर आहेत. गूगलचेच जॅमबोर्ड नावाचे फळ्याचे साधन कित्येक शिक्षक वापरीत. ते २०२४ च्या अखेरीस बंद करण्यात आले. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तक्त्याची एक प्रत उतरवून घेतो आणि एक कागदावर छापून खोलीतील कपाटात ठेवतो. त्या फायलीस हसणारे हसतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरी तीन मुले आणि एक मोबाईल होता तेथे काय झाले, हे आपल्या ट्रस्टच्या मदतनिधीच्या वहीत सभासदांनी पाहिलेच आहे. चार संगणकांची ही खोली त्या अनुभवातून निघाली. आजही आमच्या वर्गातील काही मुलींना घरी मोबाईल रात्री दहानंतर, भाऊ झोपल्यावर मिळतो. त्यांच्यासाठी खोली रविवारबरोबर बुधवारी सायंकाळीही उघडी राहावी, अशी माझी विनंती मंडळापुढे आहे. किल्ली घेऊन बसावयास मी तयार आहे.

आणखी एक काम सभासदांस घरबसल्या करता येईल. आमच्या तक्त्यात कोंकणी घरच्या मुलांच्या नोंदी फारच थोड्या आहेत. ज्यांच्या घरी ती बोलली जाते त्यांनी आपल्या नातवंडांकडून एकवीस ते नव्याण्णव म्हणवून घ्यावे, पाटीवर लिहवून घ्यावे, आणि जेथे चुकेल तेथे न हसता जसेच्या तसे एका चिठ्ठीवर उतरवून खोलीच्या दारावरील पेटीत टाकावे. वय आणि इयत्ता तेवढी लिहावी; नाव लिहू नये. चिठ्ठ्या तक्त्यावर चढविण्याचे काम सध्या माझी ती शहापूरची मैत्रीण करते. ती आता एका कन्नड शाळेत गणित शिकविते, आणि रविवारी अकराच्या सुमारास येते.